विमानातला धूर आणि एक कबुलीजबाब

नोकरीत असताना मी ढिगाने जबाब लिहून घेतले. त्यातले बहुतेक विसरलो. एक मात्र काही केल्या विसरता येत नाही. तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटा होता आणि तो मी स्वतःच्या हाताने, मोठ्या समाधानाने लिहिला होता. आता निवृत्त होऊन बसलोय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

मी बडोद्याचा. गुजरात पोलिसात भरती झालो आणि इन्स्पेक्टर म्हणून बाहेर पडलो. घरी मराठी, ठाण्यात गुजराती, वरिष्ठांसमोर हिंदी, आणि रागावलो की यातली जी आधी तोंडात येईल ती. रागावायचो पुष्कळ. बायको म्हणते, अजूनही रागावता, फक्त ऐकायला आता जमादार नसतो.

शेवटची काही वर्षं मी ज्या ठाण्यात होतो त्याच्या हद्दीत विमानतळ येत असे. लोकांना वाटतं, विमानतळ म्हणजे मोठं काम. अहो, कसलं मोठं! आतलं सगळं सुरक्षा दलाच्या ताब्यात असतं. आमच्या वाट्याला यायचं पार्किंगमधलं भांडण, हरवलेली बॅग, नाहीतर गुजरातेत दारूबंदी आहे हे उतरल्यावर आठवलेला एखादा पाहुणा. त्यामुळे त्या दुपारी पी.एस.ओ., म्हणजे महाराष्ट्रात ज्याला ठाणे अंमलदार म्हणतात तो, धावत माझ्या खोलीत आला तेव्हा मी डब्यातली शेवटची पोळी सोडायला तयार नव्हतो.

“साहेब, एरपोर्टथी फोन छे. मुंबईनुं प्लेन पाछुं आवे छे. अंदर धुमाडो छे, एम कहे छे.”

धुमाडो म्हणजे धूर. पोळी तशीच राहिली. एक महिला कॉन्स्टेबल आणि दोन शिपाई घेऊन मी निघालो. पोचलो तेव्हा अग्निशामक गाड्या धावपट्टीच्या कडेला ओळीने उभ्या होत्या, रुग्णवाहिकांची दारं उघडी होती आणि कोणीही बोलत नव्हतं. एवढ्या लोकांना एकदम गप्प बसलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही. विमान उतरलं, थांबलं, शिड्या लागल्या आणि माणसं उतरू लागली. कोणाच्या तोंडावर ओला टॉवेल, कोणी रडतंय, कोणी फोन काढून चित्रीकरण करतंय. दम्याच्या विकाराचे एक आजोबा स्ट्रेचरवरून उतरवले. ते संध्याकाळी घरी गेले, पण त्या वेळी त्यांचा चेहरा निळसर दिसत होता.

विमान कंपनीचा इथला मॅनेजर माझी वाटच पाहत होता. तरुण माणूस, टाय वाऱ्याने खांद्यावर गेलेला. मला म्हणाला, “सर, सिगारेट का केस है. पॅसेंजर मिल गई है.”

मिल गई म्हणजे बाई! माझ्या भुवया वर गेल्या. खोटं कशाला बोलू, तिथेच माझं अर्धं मत तयार झालं.

आगमन कक्षाच्या मागे एक लहान खोली होती. तिथे दोघी बसल्या होत्या, सासू आणि सून. सून पस्तिशीची, पंजाबी ड्रेस, केस भिजून कपाळाला चिकटलेले, हाताच्या बाह्या काळ्या झालेल्या. सासूबाई पासष्टीच्या, नेसायला इस्त्रीची सुती साडी, कपाळाला ठळक कुंकू आणि त्यावर चिकटलेली अक्षता. पदराने तोंड झाकून बसल्या होत्या. धुराने घसा धरला असेल असं मला वाटलं. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीला होता आणि आईला एकदा विमानात बसवायचं म्हणून त्याने तिकिटं पाठवली होती, एवढं मॅनेजरने सांगितलं.

सुनेने माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि मराठीत म्हणाली, “साहेब, आम्ही इथेच, बडोद्यात हरणीला राहतो. आम्हाला घरी जाऊ द्या ना.”

“जाल. आधी सांगा, अलार्म वाजला तेव्हा शौचालयात तुम्ही होतात?”

“हो.”

“धूर कसा झाला?”

“मला नाही माहीत. मी आत गेले तेव्हा होताच.”

मॅनेजर लगेच पुढे सरसावला. “तो फिर आपके पहले अंदर कौन था?”

सासूकडे तिने पाहिलं नाही, स्वतःच्या काळ्या बाह्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “मीच. मीच सिगारेट ओढली.”

पोलिसाला कबुलीजबाब मिळाला की काय होतं, ते बाहेरच्यांना कळणार नाही. भुकेल्या माणसापुढे ताट आल्यासारखं होतं. ताटात काय आहे हे बघायचं भान राहत नाही. मी कागद ओढला.

“कुठली सिगारेट?”

“मैत्रिणीने दिली होती. नाव नाही बघितलं.”

“पेटवली कशाने?”

“काडीने.”

“काडेपेटी आत आणलीत कशी?”

“आली कशीतरी.”

“थोटूक कुठे टाकलं?”

“कमोडमध्ये. पाणी सोडलं वरून.”

“काय करता तुम्ही?”

इथे ती अडखळली. “घरीच असते.”

मी सगळं लिहिलं. वर ठरलेलं वाक्यही लिहिलं, की हा जबाब मी कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने देत आहे. आणि लिहून झाल्यावर गप्प बसावं ना! नाही. पेनचं टोपण लावून मी तिला झापायला सुरुवात केली. चांगल्या घरातली बाई तुम्ही, शेजारी सासू बसली आहे, जिवाची नाही तर निदान तिची तरी लाज वाटायला हवी होती, तुमच्या एका झुरक्यापायी एवढी माणसं जाळली असतीत. बरंच बोललो. मराठीत बोललो, म्हणजे मॅनेजरला शब्द कळले नाहीत, पण चेहऱ्यावरून अर्थ कळलाच. ती मान खाली घालून ऐकत होती. सासूबाईंचा पदर तोंडावरून हलला नाही. त्यांचे डोळे मात्र सारखे सुनेकडे लागले होते. मला वाटलं, बिचारीला सुनेची लाज वाटतेय.

खोलीबाहेर आलो तर माझ्या मागोमाग महिला कॉन्स्टेबल आली. म्हणाली, “साहेब, आ बेनने हुं ओळखुं छुं.”

आठवड्यापूर्वी ती याच बाईच्या सोसायटीत चौकशीला गेली होती. बाई घरी बसणारी नव्हती. तिची सरकारी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी निवड झाली होती आणि त्यासाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा कागद आला होता. चौकशी पूर्ण झाली होती, शेजाऱ्यांचं मत उत्तम होतं आणि तो कागद आमच्या ठाण्यात, माझ्याच टेबलावरच्या ट्रेमध्ये, माझ्या सहीसाठी पडला होता.

आता बोला! एफआयआर दाखल झाला की त्या कागदावर तशी नोंद मला करावीच लागणार होती. विमानात आग लावणारी शिक्षिका कोण ठेवून घेईल? ती जागा गेली म्हणजे गेलीच. वयाची मर्यादा धरली तर पुन्हा संधीही नव्हती. बाईने “घरीच असते” का सांगितलं तेही लक्षात आलं. तिला वाटलं असेल, नोकरीचं नाव काढलं नाही तर दोन कागद एकमेकांना भेटणार नाहीत. थोडं वाईट वाटलं, खरं सांगतो. पण कॉन्स्टेबलला मी म्हणालो, “त्याला आपण काय करणार? गुन्हा तो गुन्हा. हिला ओढताना कळायला नको होतं?”

शेजारच्या खोलीत विमानातले कर्मचारी अहवाल लिहीत बसले होते. तिथे वेगळीच जुंपली होती. केबिन कर्मचाऱ्यांची प्रमुख, चाळिशीची, मूळची केरळची बाई, पेन खाली ठेवून बसली होती आणि मॅनेजर तिच्यासमोर उभा राहून सांगत होता, लिहा, प्रवाशाने सिगारेट ओढल्याने धूर झाला. ती लिहायला तयार नव्हती.

“मी धूर बघितला,” ती म्हणाली. हिंदीत बोलत होती, मी मराठीत देतो. “सिगारेट बघितली नाही. जे बघितलं तेवढंच लिहीन.”

“मॅडम, तिने कबूल केलंय,” मी म्हणालो.

“केलं असेल, साहेब.”

तिचा तो थंडपणा पाहून माझा पारा चढला. म्हटलं, मग तुम्हीच सांगा काय झालं ते. तिने सांगितलं, आणि सांगताना एक शब्द जास्त नाही.

विमान वर जाऊन स्थिर झालं होतं. खाण्याची गाडी नुकतीच बाहेर काढली होती. मागच्या शौचालयातला अलार्म वाजला. ती पोचली तेव्हा दार उघडून ती बाई खोकत बाहेर येत होती आणि तिच्यामागून धूर येत होता. हिने तिला बाजूला ओढलं, दार लावलं आणि दाराला हाताची मागची बाजू लावून पाहिली. दार तापलेलं नव्हतं. मग वाकून, दार चार बोटं उघडून पाहिलं, तर धूर कागद टाकायच्या डब्याच्या झाकणातून येत होता. आग विझवायचं नळकांडं तिने त्या झाकणात रिकामं केलं आणि दार पुन्हा बंद केलं. तोवर दुसरीने वैमानिकाला फोनवर कळवलं होतं, तिसऱ्याने मागच्या रांगांतली माणसं पुढे हलवली होती, ओले टॉवेल वाटले होते. वैमानिकाने एकच विचारलं, विझलं का? तिने सांगितलं, दिसत नाही, पण विझलं असं मी म्हणणार नाही. त्याने विमान वळवलं. मग डबा बाहेर ओढून तिने त्यात पाण्याच्या बाटल्या ओतल्या आणि चाकं जमिनीला लागेपर्यंत त्या शौचालयाच्या भिंतीवर जागोजाग हात लावून पाहत राहिली.

“विझलं होतं ना? मग भिंत कशाला चाचपायची?” मी विचारलं.

“आम्हाला तसंच शिकवतात. एक जागा विझली की कारण सापडलं असं वाटतं आणि माणूस बघायचं थांबतो. भिंतीच्या मागे तारा असतात, साहेब. तिथे धुमसत राहिलं तर कळणार कधी?”

ती पुढे म्हणाली, “आणि त्या बाईच्या तोंडावर ओला टॉवेल मी स्वतः धरला होता. माझं नाक तिच्या तोंडापासून एवढ्यावर होतं. वीस वर्षं उडते आहे मी, सिगारेट ओढलेल्या माणसाचा श्वास मला कळतो. तिच्या श्वासाला सिगारेट नव्हती. डब्यातल्या धुराचा वासही सिगारेटचा नव्हता. कसला होता ते मला सांगता येत नाही. काहीतरी भाजल्यासारखा.”

डबा! माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. थोटूक कमोडमध्ये टाकून वर पाणी सोडलं, असं तिने मला सांगितलं होतं आणि मी तसं लिहिलं होतं. मग आग कागदाच्या डब्यात कशी लागली? आणि कबुली आली कधी? तुमच्या आधी आत कोण होतं, हा प्रश्न आल्या आल्या. त्याआधी बाई चक्क नाही म्हणत होती. नवशिक्या फौजदारालाही खटकावं अशा या दोन गोष्टी, आणि मी इतक्या वर्षांचा इन्स्पेक्टर टोपण लावून भाषण देत होतो.

पंच बोलावले आणि विमानातून उतरवून सील केलेली पिशवी उघडली. आत डब्यातला सगळा ऐवज होता, भिजलेल्या कागदांचा काळा लगदा. थोटूक नाही, काडी नाही, काडेपेटी नाही. एका चुरगळलेल्या कागदात मात्र काळी, ओली भुकटी होती. मी वाकून वास घेतला.

माझी एक मावशी साताऱ्याकडची. लग्न होऊन बडोद्यात आली, नागरवाड्यात राहायची. दर पंधरा दिवसांनी ती तवा ठेवायची, त्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची आणि घरभर असा उग्र वासाचा खाट उठायचा की आम्ही पोरं खोकत गॅलरीत पळायचो. मग ती हाताने चुरायची आणि रोज चिमूटभर बोटावर घेऊन दात घासत बसायची. मशेरी! पंच दोघेही गुजराती, त्यांना काही उमगेना. कॉन्स्टेबलने नाक मुरडलं. केरळच्या बाईला कळायचा प्रश्नच नव्हता. त्या अख्ख्या विमानतळावर हा वास ओळखणारी माणसं बहुधा तीनच होती, आणि त्यातल्या दोघी शेजारच्या खोलीत बसल्या होत्या.

सासूबाईंच्या तोंडावरचा पदर मला आता निराळा दिसायला लागला.

सुनेला पाणी द्यायच्या निमित्ताने मी कॉन्स्टेबलबरोबर बाहेर पाठवलं. मॅनेजरलाही बाहेर काढलं. सासूबाईंसमोर खुर्ची ओढून बसलो. मशेरीचं नाव काढलं नाही. धाक घातला असता तर त्या बोलल्या असत्या, यात शंका नाही, पण एकदा त्या दिवशी धाकाने तोंडावर आपटलो होतो. म्हटलं, आता नुसतं खरं सांगून बघू.

“मावशी, तुमच्या सुनेवर गुन्हा दाखल होईल.”

त्यांनी पदराआडूनच विचारलं, “दंड होईल ना? माझा मुलगा भरेल.”

“दंडाचं काय घेऊन बसलात? तिचा नोकरीचा कागद माझ्या टेबलावर आहे. त्यावर मला या गुन्ह्याची नोंद करावी लागेल. मग ती नोकरी तिला मिळायची नाही.”

पदर खाली आला. हिरड्यांच्या कडेने काळी रेघ होती, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटालाही.

“नोकरी जाईल? शाळेची?” त्यांचा आवाज चिरकला. “नाही हो साहेब! ती मला म्हणाली, आई, नुसता दंड होतो, तुम्ही गप्प बसा, एक अक्षर बोलू नका. नोकरीचं मला कोणी सांगितलंच नाही!”

आणि मग त्या जे बोलत सुटल्या ते थांबेनात. बाजारची मशेरी त्यांना चालत नाही, घरीच भाजतात. एरवी भाजली की पेपरवर पसरून दिवसभर गार करतात, मगच डबीत भरतात. त्या दिवशी निघायच्या तासभर आधी आठवलं की डबी रिकामी आहे आणि मुंबईत मुलाच्या घरी तवा ठेवायची सोय नाही, कारण मुलाला हे व्यसन माहीतच नाही. घाईने तवा ठेवला. तेवढ्यात दाराची बेल वाजली. त्यांच्या भजनी मंडळाच्या बायका आल्या होत्या, पहिल्यांदा विमानात बसणार म्हणून त्यांना ओवाळायला! कपाळावरची ती अक्षता त्यातलीच.

“मंडळात मी सगळ्यांत मोठी, साहेब. सगळ्या पाया पडतात. त्यांच्यासमोर तव्यावर मशेरी? अशी उतावळ झाली माझी, गरमच भरली डबीत आणि झाकण दाबून पर्समध्ये टाकली. तपासणीला विचारलं तर म्हटलं, दंतमंजन आहे.”

दोन तास झाकणाखाली कोंडलेला एखादा कण आत धुमसत राहिला असणार. विमानात त्यांना भीती वाटायला लागली म्हणून चिमूटभर लावायला त्या शौचालयात गेल्या. झाकण उघडलं, हवा लागली आणि भुकटीत लाल ठिपके दिसले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. होती ती सगळी भुकटी कागदात गुंडाळून त्यांनी डब्यात कोंबली आणि रिकामी डबी घेऊन बाहेर आल्या. त्यांचा पांढरा पडलेला चेहरा आणि तो वास, सुनेला सांगायची गरज पडली नाही. ती धावत आत गेली आणि ओंजळीने डब्यात पाणी टाकायला लागली. तेव्हा अलार्म वाजला. बाह्या काळ्या झाल्या त्या तिथे.

“लिहा माझं नाव,” सासूबाई म्हणाल्या. कमरेची रुमालात गुंडाळलेली डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. “मी सही करते. मला येते सही.”

सुनेला आत बोलावलं. टेबलावरची डबी दिसताच ती माझ्यावर नाही, सासूवर चिडली. “आई, काय केलंत हे? सांगितलं होतं ना मी तुम्हाला!”

“तू मला नोकरीचं का नाही सांगितलंस?” सासूही तेवढ्याच जोरात ओरडली.

दोघी रडायला लागल्या. मी आपला खिडकीबाहेर पाहत राहिलो. थोड्या वेळाने विचारलं, “बाई, सिगारेट ओढल्याचं कबूल करून आयुष्याचं वाटोळं करून घ्यायला निघाला होतात. कशासाठी? मशेरीसाठी?”

तिने डोळे पुसले. “साहेब, परीक्षेचा फॉर्म मी लपून भरला होता. ह्यांना पसंत नव्हतं, माहेरीही सगळे हसले असते, या वयात कसला अभ्यास म्हणून. घरात फक्त आईंना माहीत होतं. दोन वर्षं स्वयंपाक त्यांनी केला आणि मुलाला फोनवर सांगितलं की सूनच करते. मी अभ्यासाला इथल्याच अकोटा भागातल्या वाचनालयात जायचे तर शेजाऱ्यांनी विचारलं की सांगायच्या, भाजीला गेलीय. माझं एवढं मोठं गुपित त्यांनी सांभाळलं. त्यांचं एवढंसं होतं माझ्याकडे. ते सगळ्यांसमोर उघडं पाडू?”

“आणि नोकरी?”

“तेवढा विचार केलाच नाही हो. तुम्ही लिहायला लागल्यावर आठवली.”

म्हणजे मी झापत होतो आणि ती मान खाली घालून होती, तेव्हा ती शरमेने नव्हे, हातातून निसटणारी नोकरी बघत बसली होती. हे आठवलं की अजून माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. त्याच वेळी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. अंगावर वर्दी असली की तेवढ्या एका शब्दाला माझी जीभ उचलत नसे.

पुढचं रीतसर झालं. पहिल्या जबाबावर मी आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि तो कागद फाडला नाही, फाइलमध्येच ठेवला. माझी चूक वरिष्ठांनाही दिसू दे म्हटलं. दुसरा जबाब सासूबाईंचा. निष्काळजीपणाचा गुन्हा त्यांच्यावर दाखल झाला, कोर्टात त्यांनी तो एका वाक्यात कबूल केला, दंड आणि समज यावर प्रकरण मिटलं. मुलाला कळलं, भजनी मंडळाला कळलं. काही आकाश कोसळलं नाही, असं नंतर त्यांनीच मला सांगितलं. केरळच्या त्या बाईचा अहवाल फाइलला जोडला होता. धूर कुठे दिसला, काय केलं, सगळं होतं. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, मला माहीत नाही. मी हसलो नाही. त्यानंतर जेवढी वर्षं नोकरी केली तेवढी, कोणी कबूल झालं की मी आधी पेन खाली ठेवायचो आणि जागा बघून यायचो.

एक काम राहिलं होतं. ट्रेमधल्या कागदावर सही करायला मला कुठे जायची गरज नव्हती, चौकशी झालेली होती. तरीही एका सकाळी साध्या कपड्यांत हरणीला गेलो. दार सुनेने उघडलं आणि मला पाहून तिचा चेहरा पडला.

“घाबरू नका. त्या दिवशी मी नको ते बोललो. चुकलं माझं,” मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

ती बाजूला होऊन म्हणाली, “या ना आत. चहा टाकते.”

घरात तोच खाट भरला होता. स्वयंपाकघराच्या दाराशी पेपर पसरलेला, त्यावर काळी भुकटी, आणि शेजारी पाट टाकून सासूबाई पहारा करत बसलेल्या. मला पाहून ओशाळल्या. म्हणाल्या, “सुटत नाही हो, साहेब. पण आता हीच हात लावून बघते, गार झाली का. ती हो म्हणाल्याशिवाय डबीत भरायची नाही, असं ठरलंय.”

तो खाट नाकात घेऊन चहा प्यालो, खोकलो, आणि तिथेच टेबलावर कागद काढला. छापील नमुन्यात एकच प्रश्न असतो, उमेदवाराविरुद्ध काही प्रतिकूल आढळलं का. या बाईने माझ्यासमोर बसून, स्वखुशीने, धडधडीत खोटा जबाब दिला होता, आणि हे साऱ्या ठाण्यात सर्वांत जास्त मलाच ठाऊक होतं. मी लिहिलं, काही नाही. सही केली, आणि कागद खिशात ठेवून तिला म्हणालो, “सोमवारपासून जा शाळेत.”